बिनतारी सुकाणूं

भाटघरच्या जलाशयाच्या कांठीं गेल्या हिवाळ्यांत एके सकाळीं आम्ही पांच-सहा माणसें एक तीन फूट लांबीची लाँच पाण्यांत सोडण्यासाठीं जमलों होतों. ती विजेवर चालणारी, कांठावरून बिनतारी यंत्रानें हांकतां येणारी, आणि दुरून पाहणारास खरीच वाटावी अशा बेतानें घडविलेली होती. ती मुद्दाम करवून घेणारे आमचे मामा. वय वर्षें ब्यायशी. गवताचा भारा घेऊन जाणारी एक बाई क्षणभर थबकली आणि म्हणाली, "एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसांनी खेळणं सोडायला यायचं का हो इथं?" प्रश्न सरळ होता, आणि आम्हांस त्याचें उत्तर तत्काळ देतां आलें नाहीं. जन्मभर प्राध्यापकी केलेल्या मनुष्यास उत्तर सुचण्यासही ग्रंथालय लागतें! पुढें दोन महिने आम्ही या खेळण्याचा पूर्वेतिहास धुंडाळीत राहिलों, व जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

भोर-वेल्ह्याचा मुलूख आमच्या वाचकांस मुख्यतः राजगड आणि तोरणा या दोन नांवांनीं परिचित आहे. परंतु त्या किल्ल्यांच्या पायथ्याशीं गेल्या दीड शतकांत दुसरा एक इतिहास घडला आहे, आणि तो पाण्याचा आहे. नीरेस मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर भाटघर येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक धरण झालें. तें अपुरें पडूं लागलें तेव्हां त्याच्या खालच्या अंगास दुसरें, अधिक उंच धरण बांधण्यांत आलें व तें १९२८ सालीं पुरें झालें. ५,३३३ फूट लांब आणि १९० फूट उंच असा हा दगडी बांध. त्यास मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचें नांव मिळालें. आज त्या जलाशयास येसाजी कंकाचें नांव आहे, व तें उचितच आहे. कारण येसाजीचें भुतोंडें गांव याच खोऱ्यांतलें. धरण झालें तेव्हां भोर हें पंतसचिवांचें संस्थान होतें. ८ मार्च १९४८ रोजीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. पाणी अडलें तें या डोंगराळ खोऱ्यांत, आणि कालव्यांनीं गेलें तें बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस इकडे. त्या बाजूस ऊंस उभा राहिला. इकडे शेतें, वाटा आणि देवळें पाण्याखालीं गेलीं. उन्हाळ्याच्या शेवटीं पाणी ओसरलें म्हणजे कांबरेश्वराचें देऊळ चिखलांतून वर येतें, आणि पाऊस लागला कीं पुनः दिसेनासें होतें.

वाट बुडाली म्हणजे नाव आलीच. आमचें आजोळ जलाशयाच्या पलीकडच्या अंगास. आमच्या लहानपणीं तेथें जाण्यास डोंगराला वळसा घालून दिवसभर चालावें लागे, नाहीं तर लाँचची वाट पाहावी लागे. त्या लाँचमधून बाजाराला जाणारीं माणसें, कोंबड्या, आजारी माणसांच्या डोल्या आणि लग्नाचीं वऱ्हाडें जात. आमच्या मातोश्रींचें वऱ्हाड त्याच लाँचनें पार झालें, व त्या प्रसंगाचें एक पिवळें पडलेलें छायाचित्र मामांनीं जपून ठेविलें आहे. त्यांतील बहुतेक माणसें आज हयात नाहींत. ती लाँचही कधींच मोडीत निघाली. मामांना हवी होती ती ही लाँच. बाजारांत मिळणारी चकचकीत परदेशी नौका नव्हे.

आतां या बिनतारी सुकाणूचा इतिहास पाहूं. त्याचा आरंभ ठाऊक आहे आणि तोही एका छोट्या नौकेनेंच झाला आहे. १८९८ सालीं न्यूयॉर्क शहरांत मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथें विजेच्या उपकरणांचें प्रदर्शन भरलें होतें. तेथें निकोला टेस्ला या विख्यात संशोधकानें पाण्याच्या कुंडांत एक सुमारें चार फूट लांबीची लोखंडी नौका सोडली व तिला हात न लावतां, तार न जोडतां, ती फिरवून दाखविली. नौकेच्या पोटांत विद्युत्घट होते, पंखा फिरविणारी एक मोटर होती आणि सुकाणूं वळविणारी दुसरी. लहरी ओळखण्याचें काम धातूच्या बारीक चुऱ्यानें भरलेली एक नळी करी. हा चुरा एरवीं विजेस अडवितो. विद्युल्लहरी येऊन आदळली कीं त्याचे कण एकमेकांस चिकटतात व वीज वाहूं लागते. मात्र एकदां चिकटलेला चुरा आपोआप सुटत नाहीं. म्हणून प्रत्येक संदेशानंतर नळी उलटी होण्याची योजना टेस्लानें केली होती. एकेका संदेशानें आंतील चकती एकेक पायरी पुढें सरके, आणि त्या पायऱ्यांच्या क्रमानें सुकाणूं डावीकडे, मध्यें वा उजवीकडे येई. म्हणजे हांकणारास पायऱ्यांची गणती मनांत ठेवावी लागे.

लोकांचा अर्थातच विश्वास बसेना. कोणी म्हणाले ही मनःशक्ति, कोणी म्हणाले आंत शिकविलेलें माकड बसविलें आहे. टेस्लाही थोडा नाटकी होता. प्रेक्षकांना त्यानें नौकेस प्रश्न विचारावयास सांगितलें, आणि कोणीं चौसष्टाचें घनमूळ विचारतांच नौकेवरील दिवा चार वेळां लुकलुकला अशी कथा आहे! उत्तर अर्थात् टेस्लाच्या हातांतील कळीनें दिलें होतें. ८ नोव्हेंबर १८९८ रोजीं त्यास ६१३,८०९ क्रमांकाचें पेटंट मिळालें. तें देण्यापूर्वीं परीक्षक अधिकाऱ्यानें स्वतः येऊन नौका चालतांना पाहिली. कागदावर वाचून त्यासही तें खरें वाटलें नव्हतें.

त्या काळांत आमच्या देशांतही अशा गोष्टी घडत होत्या. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं भिंतीआडून पाठविलेल्या विद्युल्लहरीनें दूरची घंटा वाजविली व दारूची चिमूट पेटवून दाखविली. त्यांच्या लहरींची लांबी अवघी कांहीं मिलिमीटर होती. आणि आमच्या पुण्याजवळ, खडकवासल्याच्या धरणावर, १९०३ सालीं विश्वेश्वरय्या यांनीं आपले स्वयंचलित दरवाजे बसविले; पाणी ठराविक पातळीच्या वर चढलें कीं ते आपोआप उघडत व उतरलें कीं मिटत. पुण्याच्याच शास्त्र महाविद्यालयांतून १८८३ सालीं एंजिनियर होऊन बाहेर पडलेल्या या गृहस्थानें जें केलें त्यांत लहरी नव्हत्या, केवळ पाण्याचा जोर आणि तोल होता. तथापि माणसाचा हात जेथें पोंचत नाहीं तेथें त्याची इच्छा पोंचवावी, हा हेतु तिन्ही ठिकाणीं एकच. भाटघरच्या धरणासही असे स्वयंचलित दरवाजे आहेत.

टेस्लाची नौका पाहून अमेरिकन आरमार मात्र हललें नाहीं. त्या सालीं स्पेनशीं युद्ध चालू होतें, व दारूगोळ्यानें भरलेली निर्मनुष्य नौका शत्रूवर सोडतां येईल हें टेस्लानें पेटंटांत स्पष्ट लिहिलें होतें. शिवाय असें अनिवार शस्त्र निघाल्यानें राष्ट्रांमध्यें कायमची शांतता नांदेल अशी आशाही प्रगट केली होती. आशा चांगली होती. इतिहासानें ती मानली नाहीं. १९०६ सालीं स्पेनमध्यें तोर्रेस केवेदो या एंजिनियरानें बिल्बाओ बंदरांत राजा आल्फोन्सो याच्यासमक्ष माणसें बसलेली नौका दुरून हांकून दाखविली. अकरा वर्षांनीं, २८ ऑक्टोबर १९१७ रोजीं, जर्मनांनीं बेल्जमच्या किनाऱ्यालगत दारूनें भरलेली निर्मनुष्य मोटरनौका ब्रिटिशांच्या 'एरेबस' या युद्धनौकेवर नेऊन आपटली. तिला तारेनें हुकूम मिळत होते, लहरींनीं नव्हे. परंतु दूरच्या हातांत सुकाणूं देण्याची कल्पना तीच. सुकाणूं निर्दोष असतें. तें कोणाच्या हातीं आहे हाच प्रश्न. आज आकाशांतून फिरणारीं निर्मनुष्य विमानें पाहतांना हा प्रश्न जुना झाला आहे असें कोणीही म्हणणार नाहीं.

दुसरी अडचण अशी कीं लहर सर्वांनाच ऐकूं येते. शत्रूनेंही त्याच लहरीवर ओरड केली तर नौकेनें कोणाचें ऐकावें? टेस्लानें यावर दोन निरनिराळ्या लहरी एकदम आल्या तरच यंत्रानें मानावें असा तोडगा काढला व १९०३ सालीं त्याचेंही पेटंट घेतलें. पुढें ११ ऑगस्ट १९४२ रोजीं हेडी लामार ही चित्रपटांतील नटी आणि जॉर्ज अँथील हा संगीतकार या जोडीस टॉर्पेडो हांकण्याच्या एका युक्तीचें पेटंट मिळालें. संदेश एकाच लहरीवर न पाठवितां क्षणाक्षणास लहर बदलीत जावें, आणि पाठविणारा व घेणारा या दोघांनाच बदलण्याचा क्रम ठाऊक असावा, ही ती युक्ति. त्या वेळीं आरमारानें ती बाजूस ठेविली. आज मुलांच्या हातांतील साध्या नियंत्रक पेटींतही त्याच तत्त्वाचा अंश आहे. म्हणूनच एका तळ्यावर दहा नौका सोडल्या तरी एकीचा हुकूम दुसरी घेत नाहीं. तरुणपणीं आम्ही जीं यंत्रें पाहिलीं त्यांत दोघांचे स्फटिक एकाच मापाचे निघाले कीं भांडण ठरलेलें असे.

येथवर सुकाणूचें झालें. पण मामांचा आग्रह दुसऱ्याच गोष्टीचा होता: लाँच खरी दिसली पाहिजे. "दिसणें" म्हणजे काय, याचाही इतिहास आहे. विलियम फ्रूड या इंग्रज एंजिनियरानें १८६७ च्या सुमारास डार्ट नदींत निरनिराळ्या मापांच्या नौकाप्रतिकृति ओढून पाहिल्या, आणि पुढें टॉर्की येथें त्यासाठीं लांबच लांब हौद बांधून मेणाचीं गलबतें ओढलीं. त्यास आढळलें तें असें: प्रतिकृति खऱ्या नौकेच्या दशांश लांबीची असेल तर तिचा वेग दशांश ठेवून भागत नाहीं, तो दहाच्या वर्गमूळानें, म्हणजे सुमारें ३.१६ नें, कमी करावा लागतो. तेव्हांच तिच्या नाळेशीं उठणारी लाट खऱ्या लाटेच्या आकाराची होते. वजन मात्र हजारांश होतें. मामांच्या लाँचचेंच उदाहरण घ्या. ती सुमारें तीस फूट लांब, पांच टन वजनाची आणि ताशीं तेरा किलोमीटर चालणारी होती असें धरलें, तर तीन फुटी प्रतिकृति पांच किलोची आणि ताशीं चार किलोमीटरांहून किंचित् अधिक वेगाची हवी. हा तर सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग झाला!

प्रतिकृतीचें हें शास्त्र आमच्या मुलखास परकें नाहीं. मुंबई इलाख्याच्या सरकारनें १९१६ सालीं पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठीं जी संशोधनशाखा काढली तीच पुढें खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत् संशोधनसंस्था झाली. तिचे दीर्घकाळ प्रमुख असलेले क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखालीं तेथें नद्या, सांडवे आणि बंदरें यांच्या प्रतिकृति करून पाणी कसें वागेल तें आधीं पाहण्यांत येई. अशा कामाचा एक मोठा गुण आहे. प्रतिकृतींत चूक झाली तर बादलीभर पाणी सांडतें. खऱ्यांत चूक झाली तर काय होतें, तें वेल्ह्याच्या खोऱ्यानें पाहिलें आहे. आंबी नदीवरील पानशेतच्या मातीच्या धरणाचें काम पुरें झालेलें नसतां १९६१ च्या पावसाळ्यांत त्यांत पाणी सांठविण्यांत आलें. १२ जुलै रोजीं तें फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें धरणही गेलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा बुडाल्या. घाईनें आणि लहान परीक्षेचा कंटाळा करून मोठें काम पाण्यास लावूं नये, हा धडा त्या दिवसानें दिला. तो धरणास लागू आहे, तसाच तीन फुटी लाँचलाही.

कारण तिच्या परीक्षेंत आमचीही फजिती झालीच. लाँच घडविली ती पुण्याच्या एका तरुण कारागिरानें. त्यानें वऱ्हाडाच्या छायाचित्रांतील माणसांच्या उंचीवरून बाकें, बाकांवरून टप आणि टपावरून साऱ्या लांबीचें माप काढलें. मामांनीं घरीं त्याच्या शेजारीं बसून, कोठें रंग उडालेला होता, कोणत्या खांबाला कंदील टांगीत, हें सांगितलें. यंत्रसामग्री मात्र आमच्या भाच्यानें घरींच बसविली, व आपल्या वयास साजेशी जोरदार मोटर निवडली. लाँच पाण्यांत पडतांच नाळ उंच करून, फेस उडवीत, पिसाळल्यासारखी धांवली. मुलांनीं टाळ्या पिटल्या. मामा म्हणाले, "अरे, ही आपली लाँच नव्हे. हिच्यांत बसलेलं वऱ्हाड एव्हाना पाण्यांत पडलं असतं."

तेवढ्यांत दुसरें विघ्न आलें. शंभरएक पावलें गेल्यावर लाँच ऐकेनाशी झाली आणि सरळ मध्यावर जाऊं लागली. तिचें एरियल आम्हीं लाँचच्या तळाशीं, विद्युत्घटांच्या खालीं, पाण्याच्या पातळीखालीं बसविलें होतें. आजच्या या लहरी सेकंदास सुमारें २४० कोटि स्पंदनांच्या, लांबीनें अवघ्या पांच इंचांच्या. पाण्यांत त्या क्षणांत विरून जातात. शिवाय हुकूम तुटला कीं मोटर आपोआप थांबावी अशी सोय यंत्रांत असते, ती लावून ठेवण्याचेंही आम्ही विसरलों होतों. ट्यूबवर बसून जाळीं टाकणाऱ्या एका कोळ्यानें ती पकडून आणून दिली व पैसे घेण्याचें नाकारलें. "लाँच हाय मालक," तो म्हणाला, "लाँचच्या माणसाकडनं कसले पैसं?"

पंधरा दिवसांनीं आम्ही पुनः गेलों. या वेळीं एरियल टपाच्या आंत, शक्य तितकें उंच बसविलें होतें. आधीं कांठावरची पेटी चालू करावयाची, मग लाँचमधली. बंद करतांना उलट क्रम. भाच्यानें साठ पावलें दूर जाऊन सुकाणूं हलतें कीं नाहीं तें पाहिलें. पेटी मुद्दाम बंद केली, तेव्हां पंखा थांबला. शिशाचे तुकडे ठेवून लाँच रंगविलेल्या रेषेपर्यंत बसविली. मग मोटरचा जोर कमी केला आणि मामा स्वतः तिच्या बरोबरीनें कांठाकांठानें चालूं लागले. ते चालतील तोच तिचा वेग. फ्रूडचें गणित त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. लाट आडवी, लहान, नाळेपासून दोन्ही अंगांस सारखी पसरत गेली. किंचित् ऊन्ह होतें, मागें डोंगर होते, आणि डोळे बारीक केले असतां तीन फूट आहेत कीं तीस, हें सांगणें कठीण झालें होतें.

खरें सांगावयाचें तर भास पुरा होत नाहीं. पाण्याचा थेंब कोणास दशांश करतां येत नाहीं, आणि लाँच खरीपेक्षां तिप्पट घाईनें डोलते. पण मामांचें तिकडे लक्ष नव्हतें. त्यांनीं पेटी आमच्या नातीच्या हातांत दिली आणि बोटानें दाखवीत सांगूं लागले: येथें वाट होती, तेथें आंबा होता, त्या टेकाडाच्या खालीं अमक्यांचीं शेतें. नातीनें विचारलें, "आजोबा, लाँच आत्ता कशाच्या वर आहे?" मामा थोडा वेळ पाहत राहिले व म्हणाले, "आपल्या खळ्याच्या वर. हळू घे."

त्या गवताच्या भारेवाल्या बाईंची पुनः गांठ पडली नाहीं. पडली असती तर आम्हीं त्यांना टेस्ला वा फ्रूड सांगितला नसता. एवढेंच म्हटलें असतें कीं बाई, होय, हें खेळणें आहे. पण जें धरण कांहीं केल्या परत देणार नाहीं, त्यावरून हळू जाण्यास आम्हांस दुसरें साधन सांपडलें नाहीं.